दोन भाकरींतील भेद

८ ऑगस्ट १९१० रोजीं रोमहून रोमन कॅथॉलिक जगतास उद्देशून एक आज्ञापत्र निघालें. आकारानें तें लहान होतें. परंतु त्यानें आईबापांना, धर्मगुरूंना आणि शिक्षकांना एका अवघड प्रश्नापुढें उभें केलें. ख्रिस्तप्रसाद मुलाला प्रथम कोणत्या वयांत द्यावा, या वादाचा त्यांत निर्णय होता. इ. स. १२१५ च्या लॅटरन परिषदेनें ‘समज येण्याचें वय’ एवढेंच म्हटलें होतें. पुढें निरनिराळ्या देशांत त्या शब्दांचा अर्थ लांबत लांबत दहा, बारा, कोठें चौदा वर्षांपर्यंत गेला. पोप दहावे पायस यांच्या अनुमतीनें निघालेल्या या आज्ञापत्रानें ठरविलें कीं, समज साधारणतः सातव्या वर्षाच्या सुमारास येते, आणि त्या वयाच्या मुलास धर्मसिद्धान्तांचें परिपूर्ण ज्ञान असण्याची आवश्यकता नाहीं. मुख्य सत्यें त्याला आपल्या परीनें कळलीं, आणि वेदीवरील भाकर व नेहमींची भाकर यांतील भेद ओळखतां आला, म्हणजे पुरे.

वाक्य सोपें होतें. त्याची अंमलबजावणी मात्र सोपी नव्हती. बारा वर्षांच्या मुलाकडून व्याख्या पाठ करून घेतां येतात. सात वर्षांच्या मुलासहि ते शब्द म्हणतां येतील, परंतु त्यांचा अर्थ त्याच्या मनास शिवेलच असें नाहीं. मग दोन भाकरींतील भेद त्याला कळला, हें ओळखावयाचें कसें? आणि त्याहिपेक्षां, तो त्याला शिकवावयाचा कसा? विसाव्या शतकांत ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या ज्या नव्या वाटा निघाल्या, त्यांतील एक महत्त्वाची वाट या प्रश्नाच्या उत्तरासाठीं थेट शेताच्या बांधापर्यंत गेली. त्या वाटेचा हा इतिहास आहे.

जुनें उत्तर प्रश्नोत्तरीचें होतें. तें टाकाऊच होतें असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. मार्टिन ल्यूथर यानें १५२८ च्या सुमारास सॅक्सनीमधील खेड्यापाड्यांतील मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हां सामान्य लोकांचें धर्माविषयींचें अज्ञान पाहून तो अस्वस्थ झाला. १५२९ सालीं त्यानें काढलेली लहान प्रश्नोत्तरी हें त्या अस्वस्थतेचें फळ होय. घरांतील कर्त्या पुरुषानें ती आपल्या मुलामाणसांना शिकवावी, अशी त्याची योजना होती. प्रत्येक आज्ञेमागून ‘याचा अर्थ काय?’ असा प्रश्न येई, आणि त्याला छोटेंसें उत्तर असे. १५६३ सालीं हायडेलबर्ग येथील प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. १५६६ सालीं, ट्रेंटच्या परिषदेनंतर, रोमनेंहि धर्मगुरूंच्या उपयोगासाठीं आपला मोठा ग्रंथ काढला. छापखाना हाताशीं आलेला आणि पंथापंथांत वाद पेटलेला, अशा त्या काळांत नेमकें उत्तर नेमक्या शब्दांत देतां येणें ही निकडीची गरज होती. ज्यांना वाचतां येत नसे, त्यांना तर पाठ केलेलीं वाक्यें हीच जन्माची शिदोरी होती. खुद्द दहाव्या पायस यांनीं १९०५ च्या आपल्या परिपत्रकांत दर रविवारीं व सणाच्या दिवशीं मुलामुलींना तासभर धर्मपाठ देण्याची सक्त आज्ञा केली होती. धर्मपाठाविषयीं इतका आग्रह धरणाऱ्या त्याच पोपनीं पांच वर्षांनीं असा निर्णय दिला कीं, केवळ पाठांतरानें त्याची पूर्तता होणें शक्य नव्हतें.

प्रश्नोत्तरीचा दोष तिच्या गुणांतच दडलेला होता. उत्तर आधींच ठरलेलें असे, आणि प्रश्नहि मुलाचा नसे. त्यामुळें मूल बोले, परंतु तें कांहीं विचारीत नसे. शब्द जिभेवर बसत. मन मात्र अनेकदां बाहेरच्या अंगणांत राही. हा उणेपणा जाणत्या धर्मशिक्षकांच्या ध्यानांत पूर्वींच आला होता. त्याचा एक दाखला मराठी वाङ्मयांतच आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याच भागांत राहिला. त्याचे दोन ग्रंथ या संदर्भांत शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक कोंकणींतील प्रश्नोत्तरी. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, साष्टींतील रायतूर येथें छापली गेली. दुसरा ग्रंथ म्हणजे सुमारें अकरा हजार ओव्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’. तें १६१६ सालीं रायतूर येथेंच छापलें गेलें. पोर्तुगीज राजवटींत जुनीं पुराणें बंद झालीं होतीं. तेव्हां त्यांच्या जागीं दुसरें पुराण कां देत नाहीं, अशी नवख्रिस्ती लोकांची विचारणा होती, आणि तिचा निर्देश ग्रंथाच्या आरंभींच आहे. ज्या लोकांचा धर्म कथेंत, ओवींत आणि सभेंत बसून ऐकण्यांत मुरलेला होता, त्यांची भूक प्रश्नोत्तरीनें भागत नव्हती. स्टीफन्सनें ती ओळखली. नेमकें उत्तर त्यानें सोडलें नाहीं. परंतु कानाला आणि कंठाला हवी असलेली कथा त्याच्या जोडीला दिली.

कान आणि कंठ यांच्याबरोबर हातालाहि धर्मशिक्षणांत पद्धतशीर स्थान देण्याचा एक मोठा प्रयत्न त्यानंतर तीनशें वर्षांनीं युरोपांत झाला, आणि तो एका डॉक्टर बाईंनीं केला. मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटलींतील कियाराव्हाले गांवीं झाला. १८९६ सालीं त्या रोमच्या विद्यापीठांतून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. ६ जानेवारी १९०७ रोजीं त्यांनीं रोमच्या सान लोरेन्झो या दरिद्री वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथें त्यांना आढळलें कीं, लहान मूल हें उपदेशापेक्षां कामानें शिकतें. टेबल पुसणें, पाणी न सांडतां पेला नेणें, खुर्ची आवाज न करतां ठेवणें, सर्वांनीं मिळून निःशब्द बसून शांततेचा स्वाद घेणें, हीं कामें मुलें आपणहून पुन्हां पुन्हां करीत आणि त्यांतून त्यांच्या मनाला स्थैर्य येई. १९०९ सालीं माँटेसरीबाईंनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली, आणि थोड्याच वर्षांत त्यांचें नांव देशोदेशीं झालें.

या पद्धतीचा धर्मशिक्षणाशीं मेळ घालण्याची संधि स्पेनमधील बार्सेलोना शहरीं आली. कातालोनियाच्या प्रांतिक सरकारच्या आश्रयानें १९१५ च्या सुमारास तेथें माँटेसरीबाईंच्या पद्धतीची शाळा सुरू झाली. त्यांच्या जुन्या सहकारी ॲना माक्केरोनी यांनीं ती चालविली. स्वतः माँटेसरीबाईहि पुढें तेथें राहावयास आल्या. त्याच सुमारास कातालोनियांत उपासनाविधि सामान्य जनांपर्यंत पोंचविण्याची चळवळ जोर धरीत होती. १९१५ च्या जुलैमध्यें मोन्सेरात येथील मठांत त्यासाठीं परिषदहि भरली होती. अशा वातावरणांत शाळेंत मुलांसाठीं एक स्वतंत्र प्रार्थनास्थान तयार झालें. सर्व वस्तु मुलांच्या मापाच्या होत्या. खुर्च्या बुटक्या, चित्रें मुलांच्या नजरेच्या उंचीवर, पवित्र जलाचें पात्र त्यांच्या हाताला लागेल इतकें खालीं. फुलें मांडणें, मेणबत्ती जपून नेणें, जागा झाडून नीटनेटकी ठेवणें, हें मुलेंच करीत.

येथें एक गोष्ट माँटेसरीबाईंच्या विशेष ध्यानांत आली. शाळेंत मुलें जें करीत, त्याचाच गंभीर प्रतिध्वनि त्यांना चर्चमध्यें ऐकूं येई. शांतता, जपून टाकलेलें पाऊल, हातांतील दिवा न विझतां नेणें, पाण्यांत बोटें बुडविणें, हीं सारीं कामें त्यांच्या ओळखीचीं होतीं. चर्चमध्यें त्यांना निराळा अर्थ लाभे. म्हणजे धर्म हा मुलाच्या जीवनावर बाहेरून लादलेला एक तास राहिला नाहीं. रोजच्या हालचाली हीच त्याची पूर्वतयारी झाली. या खोलीला ‘आत्रियम’ असें नांव मिळालें. आत्रियम म्हणजे प्राचीन चर्चच्या दाराशीं असलेलें अंगण. बाप्तिस्मा घेऊं इच्छिणाऱ्या दीक्षार्थींची तयारी तेथें होत असे, असें मानलें जाई. शाळा आणि उपासनामंदिर यांच्या मधलें अंगण, हाच त्या नांवाचा आशय होता.

आणि मग तो भाकरीचा प्रश्न आला. त्याचें उत्तर बार्सेलोनाच्या शाळेनें जमिनीच्या तुकड्यावर शोधलें. मुलांनीं गहूं पेरला. द्राक्षवेलींची जोपासना केली. गव्हाचा कोंब वर येतांना त्यांनीं पाहिला, ओंबी भरतांना पाहिली, कापणीचा दिवस सणासारखा साजरा केला. मिस्सेमध्यें जी भाकर आणि जो द्राक्षारस वेदीवर जातो, त्यांचा उगम त्यांनीं अशा रीतीनें आपल्या हातांनीं अनुभवला. धान्य काय, दळण काय, भाकर काय, आणि तिच्यामागें माती, पाऊस, ऊन व माणसाचे कष्ट किती, हें ज्याच्या हातांना ठाऊक झालें, त्याला ‘नेहमींची भाकर’ म्हणजे काय हें प्रथमच खरोखर कळलें. नेहमींच्या भाकरीचा मान कळल्यावांचून वेदीवरच्या भाकरीचा मान कळणार नाहीं, हें या प्रयोगाचें मर्म होतें. भेद शिकविण्यापूर्वीं त्यानें दोहोंमधलें नातें शिकविलें. १९२२ सालीं या अनुभवांवरील माँटेसरीबाईंचें पुस्तक इटालियन भाषेंत निघालें. १९२९ सालीं ई. एम्. स्टँडिंग यांनीं संपादिलेलें इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें.

या प्रयोगावर आक्षेप येणें स्वाभाविक होतें, आणि ते केवळ जुन्या मताच्या लोकांच्या हट्टांतून आलेले नव्हते. कॅथॉलिक टीकाकारांपैकीं कांहींचें म्हणणें असें कीं, मुलाच्या स्वयंप्रेरणेवर इतका विश्वास ठेवणें म्हणजे माणसाच्या मूळ पापाचा विसर पडूं देणें होय. १९१८ सालीं पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनीं माँटेसरीबाईंच्या कार्यास आशीर्वाद दिला होता. तरीहि ही शंका मावळली नाहीं. १९२९ च्या डिसेंबरमध्यें पोप अकरावे पायस यांनीं ख्रिस्ती शिक्षणावर परिपत्रक काढलें. त्यांत निव्वळ निसर्गवादी शिक्षणाविरुद्ध इशारा होता. माँटेसरीबाईंचें नांव त्यांत नव्हतें. पण तो इशारा त्यांच्याकडे वळविणारे लोक होते. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक होता. अनुभव विरून जातो, वाक्य टिकतें. शेतांत आनंदलेलें मूल मोठें झाल्यावर त्याच्या श्रद्धेला कोणी आव्हान दिलें, तर तें काय उत्तर देणार?

माँटेसरीबाईंनीं शब्दांचा त्याग कधींच केला नव्हता. त्यांचा भर क्रमावर होता. आधीं हात आणि डोळे, मागून नांव. आधीं कृति, मागून तिचा अर्थ. आणि व्याख्या सर्वांच्या शेवटीं. उपासनेच्या वार्षिक चक्रावर त्यांनीं मुलांसाठीं १९३१ सालीं लिहिलें, आणि मिस्सेचा अर्थ मुलांना समजावून देणारें त्यांचें पुस्तक १९३२ सालीं इंग्रजींत निघालें. हीं पुस्तकें वाचणाऱ्या मुलांसाठीं होतीं. मात्र त्यांच्यापाशीं येणारें मूल रिकाम्या हातांनीं येऊं नये, एवढाच त्यांचा कटाक्ष होता.

प्रयोगाची परीक्षा शिक्षणशास्त्रापेक्षां राजकारणानेंच अधिक निष्ठुरपणें घेतली. १९२३ सालीं स्पेनमध्यें लष्करी हुकूमशाही आली आणि कातालोनियाची प्रांतिक संस्था १९२५ मध्यें मोडली गेली. इटलींत माँटेसरीशाळा १९३४ च्या सुमारास फॅसिस्ट सरकारनें बंद पाडल्या. १९३६ च्या यादवी युद्धानें माँटेसरीबाईंना बार्सेलोनाहि सोडावें लागलें. १९३९ च्या अखेरीस त्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. १९४० च्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरतांच त्यांचे पुत्र मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगर येथील छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें. माँटेसरीबाईंच्या सत्तराव्या वाढदिवशीं त्यांची सुटका झाली. हिंदुस्थानांतील या वास्तव्यांत माँटेसरीबाईंचे विद्यार्थी नाना धर्मांचे होते. परंतु कोडाईकनालच्या डोंगरांत त्यांनीं जो विश्वशिक्षणाचा विचार विकसित केला, त्यांत त्या गव्हाच्या शेताची आठवण येते. सूर्य, माती, वनस्पति, प्राणी आणि माणसाचे श्रम हें सारें एकाच साखळींत गुंफलेलें आहे, हें मुलाला समग्रतेनें दिसावें, हा तो विचार होता. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडमध्यें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या पद्धतीचीं बालगृहें जगभर पसरलीं होतीं. आत्रियमचें काम मात्र खंडित झालें होतें.

दोन वर्षांनीं, १९५४ सालीं, तें रोममध्यें पुन्हां सुरू झालें, आणि तेंहि जवळजवळ अनपेक्षितपणें. सोफिया काव्हालेत्ती या हिब्रू भाषेच्या व जुन्या कराराच्या विदुषी होत्या. मुलांना शिकविण्याचा त्यांना अनुभव नव्हता आणि तशी इच्छाहि नव्हती. ओळखीच्या एका बाईंनीं आपल्या मुलाची प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करून द्यावी असा आग्रह धरला. प्रश्नोत्तरी बाजूस ठेवून काव्हालेत्तींनीं ‘उत्पत्ति’च्या पुस्तकाचें पहिलें पान उघडलें आणि त्या मुलाबरोबर तें वाचलें. दोन तास गेले. घरीं जाण्याची वेळ झाली तेव्हां मुलाच्या डोळ्यांत पाणी आलें, कारण त्याला जावयाचें नव्हतें. एका विदुषीच्या आयुष्याची दिशा त्या अश्रूंनीं बदलली. माँटेसरीबाईंच्या परंपरेंत तयार झालेल्या जियाना गोब्बी त्यांना सहकारी म्हणून लाभल्या, आणि काव्हालेत्तींच्या राहत्या घरींच नवें आत्रियम उभें राहिलें.

या दोघींचें काम शास्त्रज्ञाच्या चिकाटीचें होतें. त्यांनीं साधनें बनविलीं, मुलांपुढें ठेवलीं, आणि वर्षानुवर्षें निरीक्षण केलें. ज्या साधनाकडे मुलें पुन्हां पुन्हां वळत तें ठेवलें. मोठ्यांना कितीहि आवडलेलें असलें तरी मुलांनीं ज्याकडे पाठ फिरविली तें टाकून दिलें. अशा रीतीनें जें उरलें, तें फार साधें होतें. लाकडाचा एक मेंढवाडा, कांहीं मेंढरें आणि एक मेंढपाळ; बोटाच्या टोकावर जेमतेम दिसणारें अगदीं बारीक बीं; मुलाच्या मापाची वेदी, तिच्यावरील लहान पेला व तबक. मिस्सेमध्यें धर्मगुरु द्राक्षारसांत पाण्याचे थोडे थेंब मिसळतो. तेंच काम मूल स्वतः हळूच करतें, आणि दोन द्रव्यें एक झालीं कीं पुन्हां वेगळीं होत नाहींत हें पाहतें. त्यावर प्रवचन होत नाहीं. शिक्षिका शुभवर्तमानांतील शब्द वाचते, आणि मग मेंढरें म्हणजे कोण असावींत, असा मोकळा प्रश्न ठेवते. उत्तर ती सांगत नाहीं. त्याला कित्येक महिने लागले तरी चालतात.

प्रश्नोत्तरीच्या तुलनेंत हा बदल मूलगामी होता. जुन्या पद्धतींत प्रश्न आणि उत्तर दोन्हीं मोठ्यांचीं. येथें प्रश्न दोघांचा आणि उत्तर मुलाचें. काव्हालेत्तींना असेंहि आढळलें कीं, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आज्ञा व निषेध यांपेक्षां नातें आधीं हवें असतें. उत्तम मेंढपाळ आपल्याला नांवानें हांक मारतो, हें त्याला प्रथम कळावें; कसें वागावें हा प्रश्न त्याच्या मनांत पुढें आपोआप उभा राहतो. १९७९ सालीं त्यांनीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. १९७५ पासून हें कार्य अमेरिकेंत गेलें आणि पुढें अनेक देशांत पसरलें. रोमन कॅथॉलिक मंडळीच्या बाहेरहि त्याचा परिणाम झाला: अमेरिकेंतील एपिस्कोपल धर्मगुरु जेरोम बेरिमन यांनीं त्यावरून स्फूर्ति घेऊन आपली स्वतंत्र पद्धति रचली, आणि १९९१ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. गोष्ट सांगून झाल्यावर ‘असें कां असेल बरें?’ असें मुलांसह नवल करीत बसणें, हें तिचें मुख्य अंग आहे. २०११ सालीं, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, काव्हालेत्तींचें निधन झालें.

या पद्धतीच्या मर्यादा झांकून ठेवण्यासारख्या नाहींत. तिला लहान गट, निवांत जागा आणि संयमी शिक्षक हवा. शंभर मुलें आणि एक धर्मगुरु असलेल्या गरीब मंडळींत ती जशीच्या तशी चालणें कठीण. पाठांतराची परीक्षा पांच मिनिटांत घेतां येते. मुलाच्या मनांतील आदराची परीक्षा कशी घ्यावी, हें कोणत्याहि तपासनीसाला सांगतां आलेलें नाहीं. शिवाय शेत हें केवळ सहलीचें ठिकाण बनूं शकतें, आणि लाकडी मेंढरें निव्वळ खेळणीं. शिक्षकाच्या स्वतःच्या मनांत त्या वस्तूंविषयीं गांभीर्य नसेल, तर मूल तें लगेच ओळखतें. प्रश्नोत्तरी अर्धवट मनानेंहि शिकवितां येते. आत्रियममध्यें तें साधत नाहीं. हीच त्याची अडचण, आणि हेंच त्याचें मोल.

१९१० च्या आज्ञापत्रानें मुलाकडून फार थोडें मागितलें होतें, परंतु त्या थोड्यानें शिक्षकाकडून फार मागितलें. दोन भाकरींतील भेद ओळखण्यासाठीं मुलाला शब्द हवेतच. स्टीफन्सनें पुराणाबरोबर प्रश्नोत्तरीहि लिहिली, ती उगीच नव्हे. पण ज्यानें बीं पेरलें नाहीं, ओंबी पाहिली नाहीं, शांत बसून वाट पाहिली नाहीं, त्याच्या तोंडीं ते शब्द उसने राहतात. बार्सेलोनाच्या त्या लहानशा शेतांतील पीक केव्हांच निघून गेलें. गव्हाचा दाणा मातींत पडून दृष्टीआड होतो, आणि त्याच्या वेळीं वर येतो, हें तेथील मुलांनीं पाहिलें होतें. त्यांच्या शाळेंतील प्रयोगाच्या बाबतींतहि तसेंच घडलें.